आधी शेजाऱ्यानं घेऊ दे : नवीन वस्तू कोण घेतं आणि कोण थांबतं?

गणपती_पेठ (धागाकर्ता)

दिवाळी झाली की आमच्या धंद्यात जरा उसंत मिळते, म्हणून हा धागा काढतोय. सांगलीत घरगुती उपकरणांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. कंपन्यांच्या डीलर मीटिंगमध्ये दरवर्षी एकच सूर ऐकतो. छोट्या गावचं गिऱ्हाईक जुनाट आहे, नव्याला बिचकतं, त्याचं प्रबोधन करा. मला ते अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की थांबणारा माणूस हिशोब करूनच थांबलेला असतो. त्याच्या हिशोबातले आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले नसतात, एवढंच.

परवाचीच गोष्ट. हरिपूरकडच्या एक मावशी इंडक्शनची शेगडी बघायला आल्या. येताना पिशवीतून घरचं ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "ह्याच्यावर चहा करून दाखव." मी पातेलं ठेवलं, शेगडी पीं पीं करून बंद. इंडक्शनला चुंबक चिकटेल असा बूड लागतो, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ चालत नाही, हे सांगितलं. मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "म्हणजे कुकर नवा. तवा नवा. दूध तापवायचं नवं. आणि भाकरी? ती फुगवायची कशावर?" अडीच हजाराची शेगडी बघता बघता सहा हजारांवर गेली, आणि भाकरीसाठी गॅस ठेवावा लागणारच, म्हणजे सिलिंडर सुटत नाही. "संक्रांतीनंतर बघू," म्हणाल्या आणि पातेलं पिशवीत घालून गेल्या. आता ह्या बाईंना जुनाट म्हणायचं? कंपनीच्या एमबीएवाल्या पोराला जे गणित सुटलं नव्हतं ते त्यांनी उभ्या उभ्या सोडवलं.

हे आजचंच आहे असंही नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचं बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवायला घेतले ते बेळगावात. औंधच्या राजेसाहेबांच्या मदतीनं १९१० मध्ये कुंडल रोडला कारखाना उभा राहिला. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात, कारण लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट नेहमी 'बघा, लोक किती अडाणी' अशा थाटात सांगितली जाते. पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. लोखंडानं जमीन नासते की नाही हे तपासायचं कसं? आपल्याच रानात, आपलाच हंगाम पणाला लावून. नासली तर वर्षाचं धान्य गेलं. नाही नासली तर शेजारच्यालाही ते फुकटात कळलं. मग पहिला नंबर कोण लावणार?

तुमच्याकडची उदाहरणं टाका. कुणी आधी घेतलं, कोण थांबलं, आणि कुणाचा फायदा झाला?

---

टवाळखोर

पयला नंबर माझा! (प्रतिसादाचा. नांगराचा नाही.)

आमच्यात काय घ्यायचं ते बायको ठरवते, हप्ता मी भरतो. संपलं अर्थशास्त्र. पुढचा धागा काढा.

---

चष्मेवाले_सर

पेठकर, धागा उत्तम. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुमचा नांगर ज्या जातीचा प्रश्न आहे त्यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यासही शेतकऱ्यांवरचाच आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९२८ च्या सुमाराला हायब्रीड मक्याचं बियाणं आलं. रायन आणि ग्रॉस ह्या दोन समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या दोन गावांतल्या २५९ शेतकऱ्यांना गाठून विचारलं, कधी ऐकलं, कधी पेरलं, कुणाचं ऐकून पेरलं. अभ्यास छापून आला १९४३ मध्ये. उत्पन्न जास्त मिळतं हे उघड असतानाही कानावर येणं आणि शेतात येणं ह्यात बहुतेकांनी बरीच वर्षं घालवली. बियाणं विकणाऱ्यानं माहिती दिली, पण पेरायला लावलं ते शेजाऱ्यानं. शिवाय बहुतेकांनी पहिल्या वर्षी सगळं रान दिलं नाही, आधी एक तुकडा करून बघितला.

मग १९५७ मध्ये झ्वी ग्रिलिकेस ह्या अर्थतज्ज्ञानं त्याच मक्याचा हिशोब पैशांत मांडला. त्याचं म्हणणं, शेतकऱ्याचा स्वभाव वगैरे राहू द्या बाजूला. जिथं एकरी फायदा जास्त, तिथं प्रसार वेगानं. अलाबामासारख्या राज्यांत मका उशिरा पोचला तो तिथले शेतकरी मठ्ठ म्हणून नव्हे. हायब्रीड प्रत्येक हवामानाला वेगळं तयार करावं लागतं, आणि बियाणं कंपन्या आधी मोठ्या बाजारपेठेच्या भागात गेल्या. म्हणजे ज्याला आपण 'उशिरा घेणारा' म्हणतो त्याच्या दारात वस्तूच उशिरा आलेली असते.

समाजशास्त्रवाले आणि अर्थशास्त्रवाले ह्यांचं ह्यावरून बरंच वाजलं. मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. फायदा किती हे शेजाऱ्याच्या रानात बघितल्याशिवाय कळतच नाही.

---

बेदाणा

सर, आयोवा ऱ्हाऊ द्या, तासगावला या. आमच्याकडं द्राक्षाचा नवा वाण आला की कुणी सगळी बाग मोडत न्हाई. दोन वळी लावायच्या, काडी कशी पिकते, घड किती सुटतात, पावसात मणी तडकतो का, बघायचं. तास-ए-गणेश हा वाण आमच्या तालुक्यातल्या बोरगावातच एका शेतकऱ्याला थॉमसन द्राक्षाच्या बागंत घावला. कुठल्या प्रयोगशाळेत न्हाई. पण तोबी लगेच सगळ्यांनी लावला असं झालं न्हाई. बाग म्हंजे लोखंड, तारा, मजुरी, औषधं, आणि दोन वर्षं हातात काय न्हाई. चुकलं तर मोबाईल बदलल्यासारखं बदलता येत न्हाई.

आता पुढचं ऐका. आमच्या भावकीतल्या एकानं बागंत हवामानाचं यंत्र बसवलं. पानाचा ओलेपणा मोजायचा, डावणी रोग कधी येणार ते मोबाईलवर सांगायचं. भारी हुतं. सगळी वस्ती त्याला फोन करायची, "आज फवारू का?" एकाच्या यंत्रावर धा जण फवारण्या वाचवत हुते. दुसरं यंत्र कुणी घेतलंच न्हाई. आणि मग त्या कंपनीनं गाशा गुंडाळला. ॲप बंद. यंत्र अजून बागंत उभंय, त्याच्यावर चिमण्या बसत्यात.

तेव्हा पेठकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : फायदा धा जणांचा झाला, पैसं एकाचं गेलं.

---

चष्मेवाले_सर

बेदाणा, तुमचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवणार आहे. हरितक्रांतीच्या काळातल्या भारतीय शेतकऱ्यांची आकडेवारी घेऊन फॉस्टर आणि रोझेनझ्वाइग ह्यांनी १९९५ मध्ये हेच दाखवलं. शेजाऱ्याचा अनुभव वाढला की आपला नफा वाढतो, आणि म्हणूनच जो तो शेजाऱ्यानं आधी करून बघण्याची वाट बघतो. सगळेच थांबले तर शिकणार कुणाकडून? पहिल्या काही जणांना सवलत देण्यामागं अर्थशास्त्रातलं खरं समर्थन हे आहे. त्या माणसाची गरिबी हा मुद्दा नाही, तो इतरांच्या शिकण्याचा खर्च उचलतोय हा आहे.

---

कुपवाडचा_फिटर

माझा प्रश्न सरळ आहे, इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ का नको. हिशोब टाकतो, चुकला तर सांगा.

एमआयडीसीत कामाला, घर तासगावकडं. येऊन-जाऊन चाळीस किमी धरा. महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार किमी. पेट्रोलची गाडी लिटरला ४५ देते, पेट्रोल १०५ धरलं तर वर्षाला अठ्ठावीस हजार. इलेक्ट्रिकला १०० किमीला भिंतीतून साडेतीन युनिट धरले, युनिट १० रुपयानं, तर वर्षाला चार हजार दोनशे. चोवीस हजाराच्या आसपास वाचतात. दोन्ही गाड्यांच्या किमतीतला फरक तीस हजार धरला तर सव्वा वर्षात वसूल.

आता माझ्या भाचीचं बघा. विश्रामबागेतून क्लासला, दिवसाला सहा किमी. वर्षाचे अठराशे. पेट्रोल बेचाळीसशे, वीज सहाशे तीस. साडेतीन हजार वाचले. तीस हजार वसूल व्हायला आठ वर्षांच्या वर. तोवर बॅटरी टिकली तर ठीक.

गंमत अशी की शोरूमात गर्दी तिच्या वयाच्या पोरींची आणि त्यांच्या बाबांची. ज्याला परवडतं तो मी मात्र अजून पेट्रोल पंपावरच.

कारणं सांगतो. एक, भाड्याच्या खोलीत राहतो. मालक म्हणतो, मीटर तुझं असू दे, पण वायर माझ्या जिन्यातून न्यायची नाही. दोन, तीन वर्षांनी विकायला काढली तर गिऱ्हाईक कोण? पेट्रोलच्या गाडीला शुक्रवारच्या बाजारात पण भाव सांगता येतो. ह्या गाडीची बॅटरी किती उरलीय हे घेणाऱ्याला कळत नाही, त्यामुळं तो वाईटच धरून भाव पाडतो. तीन, शोरूम उद्या बंद पडलं तर बेदाणाच्या यंत्रासारखं व्हायचं.

---

चष्मेवाले_सर

फिटर, हिशोब बरोबर आहे. तुम्ही आणि तुमची भाची मिळून एक जुना सिद्धांत मांडलात.

पॉल डेव्हिड नावाच्या आर्थिक इतिहासकारानं १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कापणी यंत्राबद्दल हेच विचारलं होतं. यंत्र होतं, चालतही होतं, तरी १८५० च्या दशकापर्यंत फार कुणी का घेतलं नाही? त्याचं उत्तर असं की यंत्राची किंमत ठरलेली, पण मजुरीची बचत शेताच्या आकारावर अवलंबून. एका ठरावीक एकरांच्या वर ज्याचं शेत, त्यालाच ते परवडतं. मजुरी महागली, यंत्र स्वस्त झालं, की तो उंबरठा खाली येतो आणि आणखी शेतकरी आत येतात. तुमच्या बाबतीत एकरांच्या जागी रोजचे किलोमीटर. म्हणून 'लोक इलेक्ट्रिक का घेत नाहीत' ह्या प्रश्नाला अर्थ नाही. कुठले लोक, किती किलोमीटरवाले, हे विचारायला हवं.

पण पुढं ओल्मस्टेड नावाच्या दुसऱ्या इतिहासकारानं १९७५ मध्ये ह्याला टाचणी लावली. तो म्हणाला, अहो, शेतकरी यंत्र दोघांत मिळून घेत होते, एकमेकांचं शेत भाड्यानं कापून देत होते! मग उंबरठा राहिलाच कुठं?

---

बेदाणा

बरोबर बोलला तो टाचणीवाला. आमच्यात ट्रॅक्टर सगळ्यांच्या रानात फिरतो, दारात मोजक्यांच्याच असतो. आता ड्रोनचं तसंच चाललंय. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन कुणी आत शिरत न्हाई, पात कापते, आणि मजूरबी मिळत न्हाई. ड्रोनवाला येतो, बांधावर उभा ऱ्हातो, एकर धा-पंधरा मिनटात संपवतो, एकरी पैसं घेतो, जातो. ड्रोन लाखातला. घेतला कुणी? एकानं. वापरला? सगळ्या शिवारानं. सरकारनं बायकांच्या बचत गटांना ऐंशी टक्के अनुदानावर ड्रोन द्यायची योजना काढलीय ती ह्याच हिशोबानं असावी. मालकी एका गटाची, काम गावाचं.

तुमच्या कंपन्या मोजत्यात किती विकले. त्यांनी मोजावं किती एकर फवारलं.

---

माहुलीकर

साताऱ्याहून लिहितोय. वय झालेलं आहे, तेव्हा जुनं सांगणार.

तुमच्या सगळ्या चर्चेत एक गृहीत धरलंय की वस्तू दुकानात आहे आणि गिऱ्हाईक बाहेर उभं राहून विचार करतंय. आमच्या तरुणपणी उलट होतं. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आणि वस्तू नाही! साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना १९७५ ला निघाला. बजाज आणि राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचा मिळून. 'प्रिया' स्कूटर तिथं व्हायची. आमच्या गावात गाडी तयार होत होती आणि गावातल्याच माणसाला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागत होतं. लग्न ठरलं की मुलाकडची मंडळी पगार नंतर विचारायची, आधी "स्कूटरचा नंबर लागलाय का?" परदेशात कुणी असेल आणि परकीय चलनात पैसे भरता आले तर गाडी लवकर. नाहीतर ज्याचा नंबर लागलाय त्याच्याकडून वर पैसे मोजून घ्यायची.

त्या काळचा आकडा काढून कुणी म्हणेल, बघा, १९८० मध्ये किती थोड्या घरांत स्कूटर होती, लोकांना नवीन वाहनाची आवडच नव्हती. आवड होती हो. किती गाड्या काढायच्या ते परवान्यावर ठरत होतं. सरांच्या त्या अलाबामासारखंच.

फोनचंही तेच. १९९५ मध्ये मोबाईल सुरू झाला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर, आणि आलेल्या फोनलाही पैसे. माझ्या मते चित्र फिरलं ते २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाल्यावर. फोन घेतला म्हणजे करावाच लागतो असं राहिलं नाही. आमच्या आळीतला प्लंबर महिन्याला जेमतेम काही रुपये घालून दिवसभर कामं मिळवायचा. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचा आणि आपण मिस कॉल द्यायचा.

---

मिरजेची_माई

वर टवाळखोर म्हणाले, बायको ठरवते, मी हप्ता भरतो. मला हसू आलं. अहो, आपल्या घरांत वस्तू कुठल्या क्रमानं आल्या ते आठवा. आधी रेडिओ, मग स्कूटर, मग टीव्ही. मिक्सर त्यानंतर. धुण्याचं मशीन तर सगळ्यांच्या शेवटी, तेही सूनबाई नोकरीला लागल्यावर, तिच्या पगारातून. टीव्ही सगळे बघतात. पाटा-वरवंटा एकटीच ओढते.

घरघंटीचं घ्या. गिरणीत दळण नेऊन टाकायचं, रांग, वीज गेली की परत जायचं, कुणाच्या बाजरीत आपले गहू मिसळले की कचकच. घरघंटी आल्यावर हे सगळं संपतं. पण आमच्या ह्यांचा हिशोब असा की गिरणीत किलोला इतके रुपये, महिन्याचं दळण इतके किलो, मग एवढी मोठी रक्कम वसूल व्हायला पंधरा वर्षं! मी विचारलं, माझ्या वेळेचे किती धरले? म्हणाले, "ते कसं धरायचं?" शून्यच धरलं होतं.

फिटरभाऊंच्या हिशोबात पेट्रोल येतं कारण ते पंपावर खिशातून जातं. बायकांचा वेळ कुणाच्याच खिशातून जात नाही, म्हणून तो वाचवणारं यंत्र नेहमी 'महाग' ठरतं.

---

चष्मेवाले_सर

माईंना साष्टांग. बांगलादेशात सुधारित चुलींवर मिलर आणि मोबारक ह्यांनी केलेला अभ्यास अगदी ह्याच मुद्द्यावर आहे. धूर कमी करणारी चूल बायकांना पुरुषांपेक्षा जास्त हवी होती. पण किंमत मोजायची वेळ आली की घेण्याचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. मागणी कमी दिसली ती इच्छेची नव्हती, पाकिटाची होती.

---

टवाळखोर

माई, घरघंटीची किंमत आत्ताच विचारून आलोय. तुमचा प्रतिसाद घरात वाचला गेला. आभारी आहे 🙏

---

भडंगवाला

भडंगाचं छोटं दुकान आहे. यूपीआयवर लिहितो, कारण गेल्या दहा वर्षांत माझ्या गल्ल्यात एवढा मोठा बदल दुसऱ्या कशानं झाला नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं आणि नोव्हेंबरात नोटाबंदी. तेव्हा बँकेतली पोरं येऊन क्यूआरचा कागद चिकटवून गेली. मी काही काढला नाही, काही वापरलाही नाही. गिऱ्हाइकाकडं ॲप नाही म्हणून मी वापरत नाही, मी वापरत नाही म्हणून गिऱ्हाईक ॲप घेत नाही, असं चाललं होतं. फिरलं कशानं सांगतो. पहिलं, नेट स्वस्त झालं. दुसरं, दुकानदाराला काही कापून जात नाही. २०२० च्या जानेवारीपासून यूपीआयवर व्यापाऱ्याचं शुल्क शून्य आहे. कार्डाच्या मशीनवर टक्का-दीड टक्का जायचा. वीस रुपयाच्या पुड्यात तो कुठनं द्यायचा? तिसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं, बोलणारा डबा. त्याच्या आधी गिऱ्हाईक मोबाईल दाखवून जायचं, हात भडंगाच्या तेलात, मी कुठं चष्मा लावून 'सक्सेस' वाचत बसू? जुना स्क्रीनशॉट दाखवणारेही महाभाग होते. डबा मोठ्यानं ओरडतो, "तीस रुपये प्राप्त झाले", आणि विषय संपतो. त्याचं महिन्याचं भाडं मी कुरकुर न करता देतो.

सुट्ट्या पैशांची कटकट गेली हा वेगळाच फायदा. पूर्वी दोन रुपयांच्या बदली चॉकलेट द्यायचो, ती चॉकलेटंही आता खपत नाहीत.

पण एक सांगतो, घेतलेली वस्तू परतही जाते. २०२५ च्या जुलैत बंगळुरात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, आणि लोकांनी क्यूआरचे कागद काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. आपण कर्नाटकाच्या शिवेवर, बातमी इकडं यायला वेळ लागत नाही. आमच्या लाईनीतल्या दोघांनी डबा आतल्या फळीवर ठेवला होता काही दिवस. पुढं गिऱ्हाइकंच रोख आणेनात, तेव्हा डबा पुन्हा बाहेर.

आणि २०१९ च्या पुरात? लाईट नाही, रेंज नाही. ज्याच्याकडं नोटा त्यालाच दूध. तेव्हापासून घरात डब्यात थोडी रोकड असतेच, तो डबा बोलत नाही.

---

गणपती_पेठ (धागाकर्ता)

वा! मला वाटलं होतं चार प्रतिसाद येतील. भडंगवाले, तुमच्या डब्याचा मुद्दा आमच्या धंद्याला तंतोतंत लागू. तंत्र आधीपासून होतं. विश्वासाची सोय नंतर आली, आणि ती आल्यावर तंत्र पसरलं.

मी एका गोष्टीवर लिहायचं राहिलो होतो, ते म्हणजे हप्ता. फ्रिजवर तारे असतात आणि वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं. समजा तीन ताऱ्याचा वर्षाला २२० युनिट खातो, पाच ताऱ्याचा १३०. नव्वद युनिटचे नऊच्या दरानं आठशे रुपये वर्षाला वाचतात. फरक चार हजाराचा. पाच वर्षांत वसूल, पुढं निव्वळ फायदा. तरी गिऱ्हाईक तीन ताऱ्याचाच उचलतं. हॉसमन ह्या अर्थतज्ज्ञानं १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एसीवर हेच मोजलं होतं. लोक असे वागतात जणू उद्याच्या बचतीवर त्यांना वर्षाला २०-२५ टक्क्यांच्या आसपास व्याज हवंय, आणि उत्पन्न कमी तसा हा दर चढत जातो. अभ्यासकांना ते कोडं वाटलं. मला नाही वाटत. ज्याला हातउसने पैसे महिना दोन-तीन टक्क्यांनी मिळतात त्याच्यासाठी आजचे चार हजार खरोखरच तेवढे महाग आहेत. भाडेकरूचं आणखी वेगळं, बिल घरमालकाच्या मीटरवर आणि फ्रिज स्वतःचा.

आता 'झिरो कॉस्ट' हप्त्याबद्दल, आतली गोष्ट. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. रोखीनं घेतलं तर जी सूट मिळाली असती ती हप्त्यावाल्याला मिळत नाही, शिवाय प्रोसेसिंग फी. व्याज ते तिथं बसलेलं असतं. पण खरं सांगू? गिऱ्हाईक हे ओळखून असतं. "रोखीनं किती, हप्त्यानं किती?" हा पहिला प्रश्न असतो. आणि हप्ता घेणारेही फक्त रोख परवडत नाही म्हणून तो घेत नाहीत. हप्ता चालू असताना मशीन बिघडलं तर कंपनीच्या माणसाला दम देता येतो असं त्यांना वाटतं. कायद्यानं तसं काही नाही, पण धीर येतो.

ऊस बिलाचं वेळापत्रकही विसरू नका. कायद्यानं ऊस गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा ठरलेला किमान भाव) जमा व्हायला पाहिजे. ती जमा झाली की त्या गावचे लोक दुकानात दिसायला लागतात. उशीर झाला की तीच माणसं 'जुनाट' होतात!

---

कुपवाडचा_फिटर

पेठकर, मग थांबण्यातही फायदाच ना? बॅटरी स्वस्त होत चाललीय म्हणतात. आज घेऊन पुढच्या वर्षी तीच गाडी दहा हजारानं स्वस्त झाली तर?

---

चष्मेवाले_सर

स्वस्त होतेय हे खरं. लिथियम बॅटरीचा जगभरचा सरासरी भाव २०१० मध्ये प्रति किलोवॉट-तास हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५ च्या आसपास आला. पण तो आपोआप उतरत नाही. राईट नावाच्या इंजिनिअरनं १९३६ मध्ये विमानांच्या कारखान्यात बघितलं होतं, एकूण उत्पादन दुप्पट झालं की मजुरीचा खर्च ठरावीक टक्क्यांनी उतरतो. म्हणजे कुणीतरी महाग घेतल्याशिवाय स्वस्त होत नाही. पुन्हा तेच, बेदाणांचं यंत्र.

आणि अनुदान उलट्या दिशेनं चाललंय हे लक्षात घ्या. केंद्राचं दुचाकीवरचं अनुदान २०२३ च्या जूनमध्ये किलोवॉट-तासाला पंधरा हजारांवरून दहा हजारांवर आलं, नंतर आणखी कमी. बॅटरी जेवढी उतरली तेवढंच अनुदान उतरलं तर तुमच्यासाठी भाव तिथंच.

तुमचा हिशोब वेगळ्या पद्धतीनं मांडा. एक वर्ष थांबण्याची किंमत चोवीस हजार, कारण तेवढं पेट्रोल जळणार. किंमत वर्षात चोवीस हजारांनी उतरेल असं वाटत असेल तरच थांबा. भाचीनं मात्र खुशाल थांबावं, तिला थांबायला साडेतीन हजारच पडतात.

---

मिरजेची_माई

भाचीला गाडी पेट्रोल वाचवायला नकोय हो सर. बाबांनी "पेट्रोल संपलंय, उद्या बघू" म्हणू नये म्हणून हवीय. घरच्या घरी चार्ज होते, पैसे मागावे लागत नाहीत.

---

चष्मेवाले_सर

हा रकाना माझ्या हिशोबात नव्हता.

---

कुपवाडचा_फिटर

चोवीस हजारवाला मुद्दा डोक्यात बसला. मालकाशी बोललो. वायर जिन्यातून नको, पण मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पॉइंट काढायला तयार आहे, खर्च माझा. गाडी बहुतेक पाडव्याला घेईन. शेडमधला पॉइंट मी स्वतःच काढणार आहे, वायर किती जाडीची घेऊ?

---

बेदाणा

घ्या घ्या. किती किलोमीटर जाते, पावसाळ्यात काय करते, बॅटरी किती उतरते ते हितं टाकत ऱ्हावा. आम्ही वाचतो.

---

टवाळखोर

म्हणजे दुसरं यंत्र कुणी घेणार नाही. 😄

---

गणपती_पेठ (धागाकर्ता)

फिटर, शेड मीटरपासून लांब असेल तर चार चौरस मिमीची तांब्याची वायर घ्या, अडीचवर भागवू नका. १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (गळती झाली की तोडणारा). आणि त्याच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या चाळींत तिसरी पिन नुसती शोभेला असते, वायर कुठंच गेलेली नसते. पत्र्याची शेड आहे, पावसात गाडी लावणार, तिथं हे चालणार नाही. अर्थिंग नसेल तर खड्डा मारून नवीन घाला, मग गाडीचं बघा.